बोट, दिवा आणि मधला माणूस

पाहुण्यांच्या घरी पंखा लावायची वेळ आली की आपण सगळेच थोडे निरक्षर होतो. भिंतीवर सहा बटणांची पाटी असते. छताला एक पंखा, भिंतीवर दोन दिवे, बाहेर सोप्याचा एक दिवा, आणि एक बटण कशाचे ते घरातल्यांनाही आठवत नसते. आपण अंदाजाने एक दाबतो, सोप्यातला दिवा लागतो. दुसरे दाबतो, काहीच होत नाही. मग घरचा एखादा पोर येतो आणि पाटीकडे न बघता पंखा लावून जातो. तो आपल्यापेक्षा हुशार नसतो. त्याने ती पाटी पाठ केलेली असते, एवढेच. गंमत अशी की या प्रसंगात वायरमनला कोणी दोष देत नाही. पाहुणाच ओशाळून म्हणतो, "सवय नाही हो."

या लेखाचा विषय ते ओशाळणे आहे. हाताने करायची कृती आणि डोळ्यांना दिसणारी खूण यांच्यात जे नाते असावे लागते त्याला मराठीत रुळलेला शब्द नाही. मी त्याला 'जुळणी' म्हणतो. आपल्याकडे समीक्षा पुस्तकांची होते, नाटक-सिनेमांची होते, चित्रांची क्वचित होते. ज्या वस्तूंशी लाखो माणसांचा रोज किंवा निर्णायक क्षणी संबंध येतो, त्यांच्या मांडणीची समीक्षा होत नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचा प्राण मानले. दागिना सोन्याचा असून भागत नाही, तो कोणत्या अंगावर घातला आहे हेही पाहावे लागते, असा त्याचा रोख आहे. ही कसोटी कवितेपुरती ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. ती बटणाला आणि दिव्यालाही लागू पडते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. जिथे जुळणी चुकते तिथे त्या चुकीची भरपाई कोणातरी माणसाला करावी लागते. घरात ती घरचा पोर करतो, कारखान्यात मेस्त्री करतो. पण काही ठिकाणी हा मधला माणूस तटस्थ नसतो, आणि तिथे मांडणीचा दोष हा नुसत्या गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. हे तपासण्यासाठी मी असे एक यंत्र निवडले आहे, ज्याला आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाचे बोट लागलेले आहे: मतदान यंत्र. यंत्रात फेरफार होतो की नाही, हा वाद इथे नाही. यंत्र पूर्ण प्रामाणिक आहे असे धरूनच पुढचे सारे लिहिले आहे.

१

जुळणीचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांमुळे. अमेरिकेच्या बी-१७ या बाँबफेकी विमानात चाके वर घेण्याचा खटका आणि पंखांची झडप हलवण्याचा खटका शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे होते. विमान सुखरूप उतरल्यावर वैमानिक झडपेऐवजी चाकांचा खटका ओढत आणि धावपट्टीवर उभे असलेले विमान पोटावर बसे. अहवालात कारण लिहिले जाई: वैमानिकाची चूक. आल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने सुचवलेला उपाय साधा होता. चाकांच्या खटक्याला रबरी चाकाचा आकार द्यायचा आणि झडपेच्या खटक्याला पाचरीसारखा. अंधारातही हाताला कळावे की आपण काय धरले आहे. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा ४६० चुका तपासल्या. 'वैमानिकाची चूक' या शिक्क्याखाली अनेकदा यंत्राच्या मांडणीची चूक दडलेली असते, असे त्यातून दिसले.

पुढचा महत्त्वाचा टप्पा १९५३ चा. फिट्स आणि सीगर यांनी दिव्यांच्या तीन मांडण्या घेतल्या, हाताच्या हालचालीसाठी तीन मांडण्या घेतल्या आणि प्रत्येकीची प्रत्येकीशी जोडी लावून पाहिली. यातली सर्वांत चांगली दिव्यांची मांडणी कोणती, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, आणि तेच खरे उत्तर होते. कुठलीही मांडणी एकटी चांगली किंवा वाईट ठरली नाही. दिव्यांच्या आकाराशी हाताच्या वाटेचा आकार जुळला की माणूस झटपट आणि बिनचूक वागे, तो तुटला की अडखळे. अनेक आठवड्यांच्या सरावानंतरही हा फरक पूर्णपणे गेला नाही. सवय चुकीची मांडणी झाकते, दुरुस्त करत नाही.

हेच चापानिसने १९५९ मध्ये लिंडेनबॉम यांच्याबरोबर स्वयंपाकघरात आणले. चार बर्नरची शेगडी आणि पुढे एका ओळीत चार बटणे. कोणते बटण कोणत्या बर्नरचे? बर्नर चौकोनात असतील तर कोणतीही जोडी लावली तरी माणसे चुकतातच. मागचे बर्नर किंचित बाजूला सरकवून चारही बर्नर डावीकडून उजवीकडे क्रमाने दिसतील असे केले, तेव्हा १२०० प्रयत्नांत एकही चूक झाली नाही. बटणांखाली लिहावे लागले नाही, शिकवावे लागले नाही. आपल्या घरातल्या दोन बर्नरच्या शेगडीचे हेच तर सुख आहे: डावे डाव्याचे, उजवे उजव्याचे. घोळ सुरू होतो तो तिसरा बर्नर आला की.

२

या गोष्टी वाचण्याआधी माझ्या हाताला त्या ठाऊक होत्या. काही वर्षे मी कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम केले. लेथचे हँडल उजवीकडे फिरवले की हत्यार जॉबमध्ये घुसते आणि हँडलवरची गोल डायल त्याच वेळी सांगते की ते किती घुसले. हात आणि डोळा एकाच जागी. याहून सुंदर जुळणी मी यंत्रात पाहिलेली नाही. पण तिच्यातही एक मेख आहे. फिरत्या गोल जॉबमधून हत्यार एक मिलिमीटर आत गेले की जॉबचा व्यास दोन मिलिमीटरने कमी होतो. काही लेथवरची डायल हत्यार किती सरकले ते दाखवते, काहींवरची व्यास किती घटला ते दाखवते. दोन लेथ शेजारी उभे असतात, आकडे सारखेच दिसतात, अर्थ दुप्पट असतो. एका लेथवरून दुसऱ्यावर गेल्यावर माझा एक जॉब भंगारात गेला. रजिस्टरात लिहिले गेले: कामगाराची चूक. तेव्हा मलाही ते पटले होते.

संगणकावर चालणाऱ्या मशीनवर हाच पेच वेगळ्या रूपात येतो. उभ्या स्पिंडलच्या मशीनवर 'एक्स प्लस' दाबले की हत्यार उजवीकडे जाणार असे नवा पोर धरून चालतो. हत्यार आडवे सरकतच नाही, टेबल सरकते, तेही डावीकडे. नियमाप्रमाणे हे बरोबर आहे, कारण दिशा मोजायची ती जॉबच्या तुलनेत हत्यार कुठे जाते यावरून. पण डोळ्याला दिसते ते टेबल. नियम जाणणाऱ्याला हे तर्कशुद्ध वाटते, नवख्याला दगा वाटतो. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. अशा ठिकाणी मशीन शिकवायला जुना कारागीर लागतो, आणि तो सहसा प्रेमाने शिकवतो. इथला मधला माणूस निरुपद्रवी आहे.

जुळणीला आणखी एक बाजू आहे. दिवा कशाची खबर देतो? वारणाकाठच्या आमच्या शेतांत रात्री-बेरात्री वीज येते. स्टार्टरवरचे हिरवे बटण दाबले की पेटीवर दिवा लागतो. हा दिवा सांगतो की वीज आली. मोटार पाणी ओढते आहे हे तो सांगत नाही. पंपात हवा शिरली असेल तरी दिवा तितकाच हिरवा असतो. जाणता शेतकरी दिव्यावर विसंबत नाही, तो अँपिअरचा काटा बघतो, कारण पंप कोरडा फिरत असला की काटा नेहमीपेक्षा खाली राहतो. आणि ज्याला पूर्ण खात्री हवी असते तो बॅटरी घेऊन पाइपच्या तोंडाशी जातो. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीत नेमके हेच घडले. एक झडप उघडी अडकली होती. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडप बंद करण्याचा हुकूम गेला की नाही तेवढेच दाखवत होता. हुकूम गेला होता. माणसांनी हुकुमाच्या खुणेला परिणामाची खूण मानले आणि गाभ्याचा बराच भाग वितळला.

म्हणजे चांगल्या जुळणीचे दोन निकष झाले. डोळ्याला जिथे अर्थ दिसतो तिथेच हाताला वाट मिळाली पाहिजे, आणि कृती झाल्यावर मिळणारी खूण केवळ हुकुमाची नव्हे, परिणामाची असली पाहिजे. हे निकष हातात घेऊन मतदानाकडे जाऊ.

३

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ साली, सतरा कोटींहून अधिक मतदार होते आणि त्यांतल्या बहुसंख्यांना वाचता येत नव्हते. तेव्हाचे उत्तर अतिशय धीट होते. प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्र पेटी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. लिहायचे काही नाही, खूण करायची नाही. चिन्ह जिथे दिसते तिथेच हात जातो. या पोलादी पेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक गोदरेजने मुंबईत विक्रोळीला बनवल्या. जुळणीच्या दृष्टीने ही पद्धत जवळजवळ निर्दोष होती. तिचा दोष दुसरीकडे होता. आडोशाच्या आत मतदार काय करतो ते दिसत नसल्यामुळे मतपत्रिका पेटीत न टाकता बाहेर नेता येई आणि विकता येई.

१९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत शिक्क्याची पद्धत आली. सर्व नावे आणि चिन्हे एका कागदावर, मतदाराने चिन्हासमोर फुलीचा शिक्का मारायचा, घडी घालायची आणि सर्वांच्या समोर एकाच पेटीत टाकायची. फसवणुकीची एक वाट बंद झाली, पण हाताच्या चुकांची वाट उघडली. शिक्का दोन चिन्हांमधल्या रेघेवर पडे. शाई ओली असताना घडी घातली की ठसा समोरच्या बाजूलाही उमटे. शिक्क्याऐवजी अंगठा उठवलेल्या मतपत्रिका निघत. मोजणीच्या टेबलावर अशी मते बाद होत, आणि बाद झालेल्या मताच्या मालकाला ते कधीच कळत नसे. आपले मत कुठे गेले याची कुठलीच खूण त्याला परत मिळत नव्हती.

४

मतदान यंत्राचा पहिला प्रत्यक्ष वापर मे १९८२ मध्ये केरळातल्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर झाला. कायद्यात तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो अमान्य केला. १९८८ मध्ये कायदा बदलला, १९९८ मध्ये तीन राज्यांतल्या सोळा विधानसभा मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली आणि २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रांवर झाली. आज आपण ओळखतो त्या यंत्राचे रूप मुंबईत पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या दोन प्राध्यापकांनी, ए. जी. राव आणि रवी पूवैया यांनी घडवले. वाङ्मयाच्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट: बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये या यंत्राच्या निर्मितीत ज्यांचा मोठा वाटा होता ते अभियंते एस. रंगराजन म्हणजे तमिळ वाचकांचे लाडके लेखक 'सुजाता'.

हे यंत्र आपण एखाद्या कवितेसारखे ओळ-ओळ वाचू. बॅलट युनिटवर प्रत्येक उमेदवाराची एक आडवी पट्टी असते. डावीकडून अनुक्रमांक, नाव, २०१५ पासून छायाचित्र, मग चिन्ह, मग एक छोटा लाल दिवा, मग निळे बटण. डोळा नावावरून चिन्हावर येतो आणि त्याच वाटेने पुढे सरकत बोट बटणावर पोचते. दिवा चिन्ह आणि बटण यांच्या मधोमध आहे. बटण दाबल्यावर डोळ्याला खूण शोधायला कुठेही जावे लागत नाही, ती बोटाला लागूनच उजळते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी बटणाशेजारी ब्रेलमध्ये अंक आहेत. न लागणारी बटणे झाकलेली असतात, म्हणजे जिथे अर्थ नाही तिथे वाटही नाही. एक बटण दाबले गेले की बाकीची निरुपयोगी होतात, त्यामुळे बाद मत हा प्रकारच उरत नाही. शेवटी लांब बीप वाजतो, जो मतदारालाही ऐकू येतो आणि बाहेर बसलेल्या अधिकाऱ्यांना व प्रतिनिधींनाही. एकाच आवाजात दोन पोचपावत्या.

पहिल्या निकषावर हे यंत्र पूर्ण गुण मिळवते. १९५२ च्या पेटीत जे होते, चिन्ह जिथे तिथे हात, ते या पट्टीत परत आले आणि पेटीचा दोष मागे राहिला. कायद्याने मतदाराला सोबती नेता येतो तो अंधत्व किंवा शारीरिक दुर्बलता असेल तरच. लिहिता-वाचता न येणे हे त्यासाठी कारण नाही. म्हणजे निरक्षर माणूस आडोशात एकटाच असणार, आणि त्या एकटेपणात त्याला पुरेल एवढे बोलके यंत्र असणे हा त्याच्या गुप्त मतदानाच्या हक्काचाच भाग आहे. आपल्या लोकशाहीत इतक्या शांतपणे इतके मोठे काम करणारी मांडणी दुसरी दाखवता येणार नाही.

दुसऱ्या निकषावर प्रश्न उरला होता. लाल दिवा स्टार्टरवरच्या दिव्यासारखा आहे. बटण दाबले गेल्याची तो खबर देतो. मत कोणाच्या नावावर नोंदले गेले याचा दाखला तो देऊ शकत नाही. २०१३ मध्ये नागालँडमधल्या नोकसेन इथे प्रथम वापरलेले आणि २०१९ च्या लोकसभेला देशभर आलेले व्हीव्हीपॅट हे त्यावरचे उत्तर. चिठ्ठीवर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह छापले जाते, ती सात सेकंद काचेआड दिसते आणि खाली पडते. हा पाइपच्या तोंडाशी जाऊन पाणी बघण्याचा प्रकार झाला, आणि तो हवाच होता. पण पहिल्या निकषावर इथे थोडी माघार आहे. चिठ्ठी शेजारच्या वेगळ्या पेटीत दिसते. ज्याचा डोळा बोटापाशी लाल दिव्यावर खिळलेला आहे, त्याचे सात सेकंद बघता-बघता निघून जातात. खात्रीची खूण आणि सवयीची खूण अशा दोन जागा झाल्या, आणि दोहोंपैकी कमी सांगणारी खूण बोटाच्या जवळ राहिली.

५

आता आपल्या गावात येऊ. विधानसभा-लोकसभेला एक मतदार, एक मत. ग्रामपंचायतीला तसे नाही. प्रभागात दोन किंवा तीन सदस्य असतात आणि मतदाराला तितकी मते द्यायची असतात. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. ती असली की आणखी एक मत. म्हणजे आडोशाआड एकाच वेळी तीन-चार मते. प्रत्येक जागेसाठी वेगळ्या रंगाची मतपत्रिका यंत्रावर लावलेली असते. लांब बीप वाजतो तो सगळ्या जागांची मते देऊन झाल्यावरच. महापालिकांच्या चार सदस्यांच्या प्रभागांतही हेच गणित.

यंत्र तसेच दिसते, आणि तिथेच गफलत आहे. रंग आहे तो कागदाला. बटणे सगळी त्याच निळ्या रंगाची, एकाखाली एक, सारख्या अंतरावर. डोळ्याला तीन विभाग दिसतात, बोटाला एकच रांग लागते. एक जागा कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे हाताला कळायला काहीच नाही. एका युनिटवर सोळा बटणे. नावे मावली नाहीत की दुसरे युनिट येते, आणि एखाद्या जागेचे उमेदवार दोन युनिटांवर विभागले जाऊ शकतात. आता खुणेचे पाहा. विधानसभेने मतदाराला शिकवलेले असते की दिवा लागला, बीप वाजला, काम झाले. ग्रामपंचायतीला दिवा लागतो पण बीप येत नाही. आपले काही चुकले असे वाटून कोणी तेच बटण पुन्हा दाबते, कोणी दिव्यालाच शेवट समजून बाहेर पडते. आमच्या शेजारच्या आक्का एकदा अशाच निघाल्या. अधिकाऱ्याने थांबवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "दिवा लागला की. मग झालं न्हवं?" आत-बाहेर हशा झाला. आक्कांनी गेल्या वेळी यंत्राने शिकवले तेच या वेळी खरे मानले होते. यंत्राने आपला शब्द फिरवला होता.

इथे मधला माणूस येतो. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे एकाच पॅनेलच्या उमेदवारांना वेगवेगळी चिन्हे मिळतात. कोणाला कपाट, कोणाला छत्री, कोणाला शिलाई मशीन. पॅनेल एक, चिन्हे चार, जागा चार, युनिटे दोन. हे लक्षात ठेवणे शिकलेल्यालाही जड जाते. मग मतदानाच्या आधीच्या आठवड्यात पुठ्ठ्याची यंत्रे घेऊन कार्यकर्ते दारोदार फिरतात. या नमुन्यावर फक्त त्यांच्याच उमेदवारांची नावे उठून दिसतात, बाकीच्या पट्ट्या कोऱ्या. "आक्का, नाव-बिव ऱ्हाऊ द्या. दोन, सात, अकरा, आन् दुसऱ्या मशीनवर चार. एवढं पाठ करा." आक्का पाठ करतात. आडोशात जाताना त्यांच्या ओठांवर नावे नसतात, आकडे असतात.

कार्यकर्त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो एक खरी गरज भागवतो आहे. पण त्या गरजेचा जन्म बघितला पाहिजे. पट्टी वाचता येत होती तोवर आक्का आडोशात एकट्या आणि स्वतंत्र होत्या. ऐन वेळी मन बदलून शेजारच्या चिन्हाला मत देणे त्यांच्या हातात होते. आकडे पाठ करून गेलेल्या आक्कांना मन बदलायचे असेल, तर आधी सगळी मांडणी नव्याने समजून घ्यावी लागेल, तीही मागे रांग खोळंबलेली असताना. त्यामुळे त्या पाठ केलेलेच दाबतात. त्यांच्या मतावर कोणी जबरदस्ती केलेली नसते, पैसे दिलेले नसतात, गुप्तताही मोडलेली नसते. तरीही निवडीचा एक भाग आडोशाच्या बाहेरच, पुठ्ठ्यावर, उरकलेला असतो. ज्या पॅनेलकडे माणसे जास्त, पुठ्ठे जास्त, त्याचा धडा जास्त घरांत पोचतो. एकट्याने उभ्या राहिलेल्या उमेदवाराला स्वतःचा आकडा शिकवायलाही माणूस मिळत नाही. मांडणीतली उणीव अशी हळूच ताकदवानाच्या पारड्यात पडते.

६

यावर तीन आक्षेप येऊ शकतात. पहिला, लोकांना सवय होईल. सवयीला आवर्तन लागते. लेथवरचा हात दिवसातून शेकडो वेळा फिरतो, ग्रामपंचायतीचे बटण पाच वर्षांतून एकदा दाबले जाते, आणि मधल्या काळात लोकसभा-विधानसभेचे यंत्र नेमकी उलटी सवय लावते. शिवाय अनेक आठवड्यांच्या सरावानेही जिथे फरक पूर्ण गेला नाही, तिथे पाच वर्षांतल्या एका दाबाने तो जाईल ही आशा कशावर धरायची?

दुसरा आक्षेप, अनेक सदस्यांचे प्रभाग हा कायद्याचा विषय आहे, यंत्राचा नव्हे. खरे आहे. आरक्षणाच्या जागा आणि प्रभागरचना यांची कारणे वेगळी आहेत आणि ती इथे तपासायची नाहीत. पण कायद्याने जागा वाढवल्या तर यंत्राने त्या हातालाही कळवाव्यात, एवढे तर मागता येते. उपायही फार मोठे नाहीत. एका युनिटवर एकच जागा ठेवावी. एवीतेवी उमेदवार वाढले की जादा युनिटे लागतातच. ते जमत नसेल तर दोन जागांमधली काही बटणे झाकून ठेवावीत, म्हणजे बोटाला मोकळी जागा लागेल. बटणाभोवतीची कडा त्या जागेच्या कागदाच्या रंगाची असावी. हा रंग जागेचा असल्यामुळे कोणा उमेदवाराला त्याचा लाभ होणार नाही. प्रत्येक मताला छोटा आवाज आणि शेवटी लांब बीप, म्हणजे 'पोचले, पण अजून बाकी आहे' आणि 'झाले' हे दोन निरोप वेगळे ऐकू येतील. आज यंत्र पहिल्या निरोपाच्या वेळी गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या यंत्राचा अर्थ माणूस आपल्या भीतीप्रमाणे लावतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: जनजागृती वाढवली पाहिजे. प्रात्यक्षिके, फलक, गावात फिरणारी गाडी हे सगळे चांगलेच आहे. पण जनजागृतीचा आग्रह जितका मोठा तितकी मांडणी अबोल, हेही ध्यानात घ्यावे. दोन बर्नरच्या शेगडीसाठी कोणी जनजागृती मोहीम काढत नाही. विधानसभेच्या पट्टीलाही आता ती फारशी लागत नाही. 'मतदारांचे अज्ञान' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत दिसला की मला ते अहवालातले 'वैमानिकाची चूक' आणि रजिस्टरातले 'कामगाराची चूक' आठवते. तिन्ही ठिकाणी वाक्याचा कर्ता बदलून पाहिला तर चौकशी वेगळ्या दिशेने जाते.

पवईत ज्यांनी ती पट्टी आखली त्यांनी एका मतासाठी आखली होती, आणि एका मतासाठी ती आजही अचूक आहे. आपण तिच्यावर चार मतांचे ओझे घातले आणि ती वाकली, तेव्हा आक्कांना हसलो. पुढच्या ग्रामपंचायतीला पुठ्ठ्याचे यंत्र घेऊन कोणी दारात आले तर त्याला परतवू नका. ते नीट बघा आणि तो किती आकडे पाठ करायला सांगतो ते मोजा. लोकसभेला यातला एकही आकडा लागत नाही, चिन्ह ओळखले की पुरते. जे आकडे जास्तीचे भरतील, तेवढे काम मांडणीने करायचे ठेवले आहे आणि ते तो कार्यकर्ता करतो आहे. त्याची मजुरी कोण देते, हे गावात सगळ्यांना माहीत असते.